डाव्या हाताचा टिळा

पोलीस खात्यातल्या नोकरीत खून आणि दरोडे बरेच पाहिले, त्यांतले पुष्कळसे विसरलो. एका फाटलेल्या पडद्याचं प्रकरण मात्र अजून मनातून जात नाही.

स्वराज्य यायला काही वर्षं अवकाश होता. मी तेव्हा गोंदियाला ठाणेदार होतो. एका धानगिरणीमागच्या पटांगणात नागपूरकडच्या एका मालकाने सिनेमाचा तंबू लावला होता. त्यात एक ऐतिहासिक बोलपट चालू होता: राजा, राणी, फितूर सरदार आणि शेवटी रणांगणावर राजाचा मृत्यू. लोक बैलगाड्या जोडून येत. मग एकाएकी बातमी पसरली, की लढाईला निघालेल्या सैनिकांना राजा डाव्या हाताने टिळा लावतो. हा धर्माचाही अपमान आणि राजाचाही.

निषेधाची सभा झाली. फेटे, हार, लांबलचक भाषणं. व्यासपीठावरच्या एकानेही चित्रपट पाहिला नव्हता, आणि हे प्रत्येकाने अभिमानाने सांगितलं. ज्यांनी पाहिला होता त्यांनाही आता डावाच हात आठवू लागला. त्यानंतर एका सकाळी पडदा उभा चिरलेला सापडला. तहसीलदारांनी मालकाला बजावलं, की येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत प्रकरण शांत झालं नाही तर परवानगी रद्द. मालक ठाण्यात येऊन बाकावर बसला. "साहब, तंबू उठ गया तो मेरे पास बचेगा क्या?" एवढंच म्हणाला.

मी पंचनामा केला. चिरेचे काठ प्रेक्षकांच्या बाजूला वळलेले होते, म्हणजे सुरी मागून चालली होती. पडदा आणि गिरणीची भिंत यांच्यामध्ये एक माणूस उभा राहील एवढीच जागा होती. तिकीट काढून आलेल्याला तिथे जाण्याचं कारण नव्हतं.

पडदा शिवून घेतला आणि संध्याकाळी खेळ लावायला लावला. मी पुढे बसलो. राजाने टिळा लावला तो उजव्या हाताने. मग चिरेची जागा पुन्हा पाहावी म्हणून पडद्यामागे गेलो. पातळ कापडातून चित्र मागेही दिसत होतं, पण आरशातल्यासारखं उलटं. तिथे राजाची तलवार डाव्या हातात होती. राजाच काय, अख्खी फौज डावखुरी होती.

म्हणजे बातमी उठवणाऱ्याने चित्रपट इथूनच पाहिला होता. मी हवालदाराला कामाला लावलं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. अखेर खबर मिळाली ती स्टेशनजवळच्या एका पानवाल्याकडून. तो म्हणाला, "पयले राजेच बोलले होते, साहेब."

राजे म्हणजे देवरीकडचा एक नट. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक होतं. त्या नाटकांत हा वर्षानुवर्षं राजाच होत आलेला. रस्त्यातही लोक त्याला राजे म्हणत आणि तोही तशीच मान हलवी.

ठाण्यात आला तो सिंहासनावर बसावं तसा खुर्चीवर बसला. मी चहा मागवला आणि तक्रार नेमकी काय आहे ते विचारलं. तो म्हणाला, "मी खोटं कायले बोलू? डोळ्यानं पाहिलं." मी म्हटलं, तसंच करून दाखवा. तो उठला. डावा हात नसलेल्या तबकाकडे नेला, अंगठा बुडवला, ठाण्यातल्या शिपायाच्या कपाळासमोर क्षणभर थांबला आणि टिळा ओढला. नजर, मान, ओठांची हालचाल, सगळं पडद्यावरच्या राजाचं. एकदा पाहून एवढं येत नाही.

मी म्हणालो, "राजे, पडद्यासमोर बसलेल्याला हा हात उजवा दिसतो."

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. मग सगळं कबूल केलं. गिरणीकडून कनात उचलून तो रोज आत शिरत होता. तिकीट काढून समोर का बसला नाहीत, असं मी विचारलं.

"राजा तिकीट काढते का, साहेब?"

"आणि पडदा?"

"इतकी वर्सं मंडईत मरून राहिलो मी. पडलो का लोक वन्स मोर म्हणते. मी उठतो, धूळ झटकतो, परत मरतो. अन् तो एकदाच मेला, तं सारा तंबू चूप. पल्याड बाया रडून राहिल्या होत्या, मले आयकू येत होतं. माह्या मरणाले कोणी रडलं नाही."

डाव्या हाताचा दोष सापडला तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. पण त्या बातमीनंतरही तंबू रिकामा झाला नाही, म्हणून त्याने सुरी आणली.

गुन्हा आपसात मिटवता येण्याजोगा होता. मालकाने एकच अट घातली: खरं काय ते त्याने लोकांसमोर सांगावं. त्यापेक्षा कोठडीत टाका, असं तो नट मला म्हणाला. पण बाजाराच्या दिवशी आला. रांगेत उभा राहून तिकीट काढलं. पडद्यापुढे जाऊन म्हणाला, "हात उजवाच हाये. मी मांगून पाहिला होता." कोणीतरी ओरडलं, "मांगून काऊन, राजे?" तो खाली जमिनीवर बसला. तंबू राहिला. सभेतली मंडळी पुढे फुकट पासावर येऊन गेली आणि त्यांना राणीच्या लुगड्यात दोष सापडला.

तेव्हापासून कोणी डोळ्याने पाहिल्याचं सांगितलं, की तो कुठे उभा होता हे मी आधी विचारत असे. पण प्रकरण लक्षात राहिलं ते त्यामुळे नाही. त्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी रणांगणावर राजा पडला तेव्हा मी पडद्याकडे न बघता त्या नटाकडे पाहत होतो. त्याचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते. त्या चित्रपटावर एवढा जीव लावणारा दुसरा प्रेक्षक गोंदियात नव्हता.