मुंढ्याचा नियम

धाकटा गेला त्या दिवशी सकाळी अकराला ताईनं त्याला दुकानात बोलावून चारचौघांत झापलं. समोर कारखान्याचा मॅनेजर उभा, हातात नवा शर्ट, मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, काखेत रुतणारा. त्याच्या ऑर्डरचे चाळीसच्या चाळीस शर्ट तसेच कापलेले.

"तुझ्या कॉम्प्युटरनं माझं नाक कापलं," ताई म्हणाली. "तीस वर्षं खडू-टेपवर कापत होते, एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं नाही कधी."

धाकटा छाती चोळत होता. "ताई, बारा वाजता डॉक्टरकडं नंबर आहे माझा. सकाळपासनं जड वाटतंय."

"आधी हे निस्तर."

"बरं," म्हणाला नि बसला.

ताईपेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर ताईनंच वाढवला. ऑफिसात टायपिंगला होता, बोटं सारखी चालायची, म्हणून दुकानातल्या बाया खुटखुट्या म्हणायच्या. चाळिशी उलटल्यावर आपला आपण पायथन, ती कॉम्प्युटरची भाषा, शिकला. ताईची नजर कमी झाली, हिशोबात मापं चुकायला लागली, तेव्हा तिच्यासाठी प्रोग्राम लिहून दिला.

"फंक्शन म्हणजे शिकवलेला कारागीर," तो सांगायचा. "छाती सांगितली की मुंढा किती ते सांगणार. तू नाव टाकायचं नि नियम टाकायचा. छाती भागिले चार, वजा एक. तिथल्या तिथं नवा कारागीर तयार. मला बोलवायचीसुद्धा गरज नाही."

"नि मी भलतंसलतं टाकलं तर?"

"आकडे, मापं नि बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार. एवढंच आत घेतो. नाहीतर एखादा म्हणेल, सगळं पुसून टाक, नि हा आज्ञाधारक खरंच पुसेल."

ताईनं मुद्दाम एक शिवी टाकली. कॉम्प्युटरवर आलं, "ताई, हे माप नाही." अख्खं दुकान हसलं होतं.

तर त्या दिवशी तो ओळ न् ओळ तपासत बसला. बाराच्या सुमाराला ताईनं खडूसाठी खण उघडला, तर वरच बुधवारच्या फ्रॉकचा कागद. तिच्याच अक्षरात. मुंढा, छाती भागिले सहा, अधिक एक. लहान मुलीच्या फ्रॉकचा नियम तिनंच टाकला होता, नि नाव दिलं होतं नुसतं मुंढा. फ्रॉक असो की शर्ट, तिच्या तोंडात तोच शब्द, हातांना आपोआप कळायचं. प्रोग्रामला कसं कळणार? त्याच नावाचा नवा कारागीर आला नि जुना गेला.

सांगायचं होतं. पण मॅनेजर अजून खुर्चीत बसलेला. एवढं बोलून झाल्यावर आता कुठल्या तोंडानं सांगणार? कागद चुरगाळून तिनं खिशात कोंबला. साडेबारा झाले, एक झाला, दोन झाले. दोनदा "चहा घे" म्हणाली. तेवढंच.

तीनला तो उठला. "झालं ताई. चूक माझीच होती," मॅनेजरला ऐकू जाईल असं म्हणाला नि गेला. दवाखान्याच्या जिन्यात दम लागला म्हणून बसला, तो बसलाच.

नंबर बाराचा होता.

पंधरा दिवसांनी ताईनं दुकान उघडलं. पहिलंच काम एका मुलीच्या फ्रॉकचं. तिनं सवयीनं नाव टाकलं, मुंढा. नियम टाकला. कॉम्प्युटर थांबला. आधी कधी थांबत नव्हता.

"ताई, या नावाचा नियम आधीच आहे. जुना पुसू, की नवं नाव देतेस?"

ताई बघतच राहिली. शेजारी काजं करणारी बाई होती. "काय झालं हो, ताई?"

"त्या दिवशी चूक माझी होती गं. बाराला कळलं होतं मला. बोलले नाही."

बाईनं सुई थांबवली. "तुमच्या भावाला तर अर्ध्या तासातच कळलं होतं. मला हळूच विचारलं, बुधवारी फ्रॉक कुणी कापला. मी म्हटलं, ताईंनी. तर म्हणाले, गप्प बसा. परत तिच्या हातून असं होणार नाही एवढं करतो नि मगच उठतो."

ताईनं नाव बदललं, फ्रॉकमुंढा. एक अक्षर चुकलं, पुसून परत टाकलं.

कॉम्प्युटरवर आलं, "ठेवला, ताई."

तिनं छातीचं माप टाकलं नि खडू उचलला.