टॅगसकट साडी

इंदुरात बडा गणपतीकडून आमच्या घराकडे वळताना साड्यांचे जे दुकान लागते, त्याच्या कपाळावर एक लाल कापडी फलक आहे: ‘दुकान खाली करना है. आखिरी तीन दिन. सत्तर प्रतिशत तक छूट.’ त्यातला ‘तक’ इतका बारीक आहे की तो वाचण्यासाठी मला चष्मा पुसून दुकानाच्या पायरीपर्यंत जावे लागले. उन्हाने तो फलक फिका पडला, तेव्हा मालकाने तोच मजकूर नव्या कापडावर छापून घेतला. जे दुकान तीन दिवसांत रिकामे व्हायचे होते, ते आपली जाहिरात जुनी होऊन बदलण्याइतके टिकले, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

माझी सगळी नोकरी न्यायालयाच्या कचेरीत गेली. छापील शब्द लिहिणाऱ्याला बांधून ठेवतो, यावर माझा विश्वास आहे. मी त्या दुकानदाराला पत्र लिहिले, व्यापाऱ्यांच्या संघटनेला लिहिले, आणि ज्या ज्या कचेरीचा या विषयाशी संबंध पोहोचू शकेल तिथे लिहिले. एका ठिकाणाहून उत्तर आले की आपले पत्र पुढे पाठवले आहे. पुढे म्हणजे कुठे, ते त्यात नव्हते. शेवटी ओळखीच्या एका वकिलाने विचारले, “तुम्ही तिथून कधी काही घेतलंय का? मग तुमची फसवणूक झाली असं कसं म्हणणार? आधी ग्राहक तर व्हा.” त्या दुकानातून साधा रुमालही घ्यायचा नाही, असा माझा निश्चय होता. त्यामुळे प्रकरण तिथेच अडले.

मग मुलीचे लग्न ठरले. सोयरे परदेशीपुऱ्यातले, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहिलेले मराठी कुटुंब. बैठकीत विहीणबाई म्हणाल्या, “आम्हाला काही नको हो. फक्त बायकांचा मान राहिला पाहिजे.” मला हे वाक्य समजुतीचे वाटले. घरी आल्यावर पत्नीने त्याचा अर्थ सांगितला. विहीणबाईंची साडी उणी पडली, तर तिची भरपाई आपल्या मुलीला सासरच्या स्वयंपाकघरात रोज करावी लागेल. साडी कुठून घ्यायची, हेही तिने ठरवून टाकले होते. तेच दुकान, हे ऐकून मी प्रथम संतापलो. नंतर माझ्या लक्षात आले की आता आपल्याजवळ पावती असेल. मी पिशवी घेऊन तिच्या मागे निघालो.

विक्रेत्याने पहिलाच प्रश्न विचारला, “माताजी, पहनने की दिखाऊँ, कि देने की?”

“देने की. विहीणबाईंसाठी.”

“फिर तो टॅग वाली दिखाता हूँ.”

डाव्या फळीवर नेसायच्या साड्या होत्या. त्यांना टॅग नव्हते. उजव्या फळीवर देण्याच्या साड्या. त्या प्रत्येकीला सोनेरी कडेचे जाड टॅग, त्यावर भली मोठी किंमत छापलेली. मी दोन्ही फळ्यांवरून एकेक साडी ओढून शेजारी ठेवली. तेच सूत, तोच काठ, तीच वीण.

“या दोन्ही एकच आहेत,” मी म्हणालो. “मग हिच्यावर ही किंमत कोणी छापली?”

गादीवरून मालकाने मान वर केली. “बाबूजी, आप वो चिट्ठी वाले हो ना? लिखाई बड़ी सुंदर है आपकी.”

साड्या पाहणाऱ्या बायका हसल्या. मी टॅग त्याच्यासमोर धरला. “ये कीमत आपने आज तक किसी से ली है?”

“राम-राम! किसी से नहीं ली. इस दाम पे कौन लेगा, भिया?”

“तो छापी किसके लिए?”

“आपकी समधन के लिए,” तो शांतपणे म्हणाला.

“अहो, तुम्ही जरा बाहेर थांबा बरं,” पत्नी म्हणाली, आणि मालकाकडे वळून, “भैया, टॅग मत निकालना. और बिल अलग देना, थैली में मत डालना.”

मी त्या फलकाखाली येऊन उभा राहिलो. बायका येत होत्या, जात होत्या. एकीनेही मान वर करून फलक वाचला नाही. तीन दिवसांवर कोणाचा विश्वास नव्हता, सत्तर टक्क्यांवर नव्हता. ज्या अज्ञानापासून ग्राहकाचे रक्षण करावे म्हणून कायदा केला गेला, ते अज्ञान मला त्या पायरीवर कुठेच दिसले नाही. फसायचे होते ते दुसऱ्या घरात, आणि ते घर आता आमच्या मुलीचे होणार होते.

तरीही लग्न पार पडल्यावर मी तक्रार लिहायला घेतली. फलकाची छायाचित्रे होती, पावती होती. उणीव एकाच वस्तूची होती: तो छापील टॅग. तो साडीबरोबर परदेशीपुऱ्यात गेला होता. मी मुलीला फोन केला.

“बाबा, रहने दो ना प्लीज,” ती आवाज दाबून म्हणाली. “आईंनी ती साडी सगळ्यांना दाखवलीय, टॅग वर करून करून. हॉलमधले कूलर बंद पडले म्हणून ह्यांच्या आत्या किती ताने मारत होत्या, माहितेय ना? साडी बघून एकदम चूप झाल्या. आता तुम्ही केस केली, तर असली किंमत सगळ्यांना कळणार.”

“अगं, पण ती किंमत खोटी आहे.”

“मला माहितेय, बाबा. पण माझं इथे ठीक चाललंय.”

मी तक्रारीचे कागद ड्रॉवरमध्ये ठेवले.

संक्रांतीला विहीणबाई तिळगूळ घेऊन आमच्याकडे आल्या. बरोबर आमची मुलगीही होती. त्यांनी पिशवीतून एक साडी काढून पत्नीच्या हातात ठेवली आणि ठेवता ठेवता बोटाने टॅग अलगद वर केला. त्याला सोनेरी कड होती.

“अगंबाई, एवढी भारी कशाला हो आणलीत!” पत्नी म्हणाली.

“कसली भारी? तुमच्या साडीपुढे काहीच नाही.”

दोघींच्या चेहऱ्यावर अत्यंत आदर होता. त्या आदराखाली कोणाला काय ठाऊक होते, ते मी आजही सांगू शकत नाही. जो पुरावा मी मागत होतो, तो माझ्याच घरात, माझ्यासमोर पत्नीच्या हातात होता. ‘कुठून घेतलीत?’ हा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला. मुलगी पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिचे साडीकडे लक्ष नव्हते. ती माझ्याकडे पाहत होती.

“रंग छान आहे,” मी म्हणालो.

तिने ट्रे खाली ठेवला.

पाहुण्या गेल्यावर मी ड्रॉवरमधून कात्री काढली. “टॅग कापून देतो,” मी पत्नीला म्हणालो. तो कशासाठी हवा आहे, हे तिला सांगण्याची गरज नव्हती.

“राहू द्या तसाच,” ती म्हणाली. “पुढे कोणाला तरी द्यायला होईल.”

टॅग वर येईल अशी घडी घालून तिने साडी कपाटात ठेवली. मी कात्री त्या कागदांवर परत ठेवली आणि ड्रॉवर लावून घेतला.