आत्याची मनाई

कुसुमआत्याबरोबर बड्या बाजारात जायचं म्हणजे दर दहा पावलांवर थांबायचं. दुकानांपाशी नव्हे, कुत्र्यांपाशी. एखादं कुत्रं पायरीवर अंग टाकून पडलेलं दिसलं की ती दोन हात लांब उभी राहायची, पदर सावरून घ्यायची आणि ओळखीच्या माणसाला विचारावं तसं विचारायची, "काए भैयाजी, रोटी खा लई?" कुत्रं शेपूट हलवत जवळ यायला लागलं की मात्र घाईघाईने मागे सरायची. "ना ना भैयाजी, उतईं रओ. हमाई मनाई है."

मी एकदा म्हटलं, "आत्या, घरात सगळ्यांशी मराठी बोलतेस, मग यांच्याशी का नाही?"

"अरे, आपल्या घरातल्या पोरांना धड मराठी येईना, त्या बिचाऱ्यांना कुठून येणार? झाशीची आहेत ती."

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. मुलींच्या एका शाळेत शिवणकाम शिकवायची आणि दतिया गेटजवळच्या आमच्या घरात वरच्या खोलीत राहायची. शेजारचे तिला बुआजी म्हणत. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलींच्या मुलीसुद्धा पुढे तिच्याकडे शिकल्या. वाकडी शिवण तिला चालत नसे. पोरगी रडकुंडीला आली तरी ती शांतपणे कापड तिच्या हातात परत द्यायची. "उसव. उसवायला लाज कसली? लाज तशीच घालून फिरण्याची."

हे वाक्य मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं असेल. ऐकून सोडून दिलं.

मी चित्रकलेचा मास्तर. जोडीला पुण्याच्या एका प्रकाशकासाठी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायचो. एकदा त्यांचं पत्र आलं: खेड्यातल्या लहानपणावर चित्रांचं पुस्तक करा, शब्दही तुमचेच, मात्र स्वतःच्या आठवणीतलं हवं. माझं लहानपण सगळं दतिया गेटच्या गल्लीत गेलेलं. खेडं मी बसच्या खिडकीतून पाहिलेलं. मी वही घेऊन आत्याकडे गेलो.

आत्या एरच या खेड्यात वाढली. माझे आजोबा तिथे देवळात पुजारी होते. आमची माणसं दक्षिणेतून इकडे येऊन कैक पिढ्या झाल्या, बोलीत निम्मी हिंदी शिरली, पण सोवळं होतं तसंच राहिलं. त्या घरात कुत्रं पाळायचं नाव काढायची सोय नव्हती. आणि आत्याला तर कुत्रं हवं होतं. बेतवेच्या काठी एक तपकिरी पिल्लू हिंडायचं, त्याचं नावही तिने ठेवून टाकलं होतं, चिरौंजी. आपण चारोळी म्हणतो ती. रंग अगदी तसाच, म्हणून.

"वर्षभर मी कशाची वाट बघायची सांग?" तिने मला विचारलं.

"दिवाळीची?"

"पितृपक्षाची!" ती लाजून हसली. "पानं वाढून ठेवतात ना, गाईचं, कावळ्याचं, कुत्र्याचं? कुत्र्याचं पान बाहेर न्यायचं काम माझं. तेवढं एकच काम मी न सांगता करायची. सगळे माझ्या आजोबांच्या आठवणीने डोळे पुसतायत आणि मी आपली पळसाच्या पानावर खीर-वडा घेऊन नाचत चालले आहे. चिरौंजी समोर बसून खायची. कुणी रागवू शकत नव्हतं. शास्त्रच होतं ना!"

ती आठ वर्षांची असताना एका श्राद्धाला तिला राहवलं नाही. चिरौंजीचं खाऊन झाल्यावर तिने तिला उचलून पोटाशी धरलं. आणि त्या आनंदात तशीच धावत स्वयंपाकघरात शिरली, आईला सांगायला. सोवळ्यातल्या सगळ्या स्वयंपाकाला तिचा हात लागला. खीर, वडे, भात, सगळं बाहेर गेलं. पुन्हा चूल पेटली, जेवायला बोलावलेले ब्राह्मण दुपार कलेपर्यंत उपाशी बसून राहिले. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तिला मारलं नाही. बेतवेवर नेऊन आंघोळ घातली, ओलेत्याने देवळाच्या उंबऱ्यावर हात ठेवायला लावला आणि तिच्याकडून वदवून घेतलं: पुन्हा कुत्र्याला शिवणार नाही.

"मग?"

"मग काय. नाही शिवले."

आजोबा गेले, देऊळ दुसऱ्यांकडे गेलं, सोवळं आमच्या घरातूनही संपलं. आत्याने तो शब्द पन्नास वर्षं पाळला. त्या दिवशी ती बोलत होती आणि मी चित्रं काढत होतो. मध्येच वाकून बघायची आणि म्हणायची, "खडक अजून काळे कर. आणि माझ्या वेण्या घट्ट होत्या रे, आई ओढून बांधायची."

पुस्तक तयार झालं तेव्हा त्यात वेण्या नव्हत्या. प्रकाशकाला लेखकाचं लहानपण हवं होतं, म्हणून मी मुलीचा मुलगा केला. शेवट उदास होत होता, म्हणून शेवटच्या पानावर मुलाचे वडील विरघळतात आणि मुलगा पिल्लाला छातीशी धरून हसतो असं काढलं. पाठीमागे छापून आलं की लेखकाचं बालपण एरचला बेतवेच्या काठी गेलं. ते वाक्य प्रकाशकाने लिहिलेलं नाही. मी लिहून पाठवलं होतं. आत्याचं नाव पुस्तकात कुठेही नाही.

आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत माझा सत्कार झाला. आत्या पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. मी पुस्तक वाचून दाखवलं. एक छोटी मुलगी उठली आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत तिने विचारलं, "काका, तुम्हाला तो पिल्ला सच में मिळाला होता?"

माझ्यासमोर आत्या बसली होती. बोट करून एवढंच सांगायचं होतं की ही गोष्ट हिची आहे. मी म्हणालो, "हो बेटा. मिळाला होता."

टाळ्या पडल्या. आत्यानेही वाजवल्या. घरी परतताना रिक्षात तिने पदर सावरून घेतला. मग म्हणाली, "नंदू, त्या पोराला मिळालं ना पिल्लू? बरं झालं हो."

मी रिक्षावाल्याला दतिया गेटकडे वळायला सांगितलं.

त्यानंतर ती माझ्याशी एरचचं काही बोलली नाही. घरी कुणी पाहुणा आला आणि तिकडचा विषय निघाला, की ती माझ्याकडे बघून म्हणायची, "याला विचारा. याला सगळं माहीत आहे." त्यात टोमणा नसायचा. टोमणा असता तर भांडून तरी मोकळा झालो असतो. एकदा तिने माझ्याकडे मऊ पेन्सिल मागितली, "पेपरातली वर्ग पहेली, शब्दकोडं रे, सोडवायची आहे." मी लगेच चांगली टोक केलेली दिली. आत्यासाठी काहीतरी केलं याचं मला त्या दिवशी समाधानही वाटलं, इतका मी निर्लज्ज.

दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा प्रकाशकाने विचारलं, काही दुरुस्ती? आत्या तेव्हा वरच्या खोलीत बसून कुणाची तरी पोलकी बेतत होती. मी उत्तर लिहिलं, काही नाही.

पुढच्या हिवाळ्यात आत्या गेली, आठ दिवसांच्या तापाने. तेराव्यानंतर तिची पेटी आवरायला मी बसलो. तळाशी एका धुवट कापडात माझं पुस्तक होतं. उघडलं. पहिल्या पानावर नदीकाठी उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्याला पेन्सिलीने दोन वेण्या काढल्या होत्या. घट्ट, नीट, टाके घालावेत तशा. दुसऱ्या पानावरही, तिसऱ्या पानावरही. पान घेऊन धावणारा तो, पिल्लू खाताना बघणारा तो, उंबऱ्यावर हात ठेवून रडणारा तो, सगळीकडे वेण्या. आत्याने माझी शिवण उसवून ठेवली होती. माझ्या हातून ती कधी उसवली गेली नाही.

शेवटचं पान उलटायला मला धीर होईना. उलटलं. मुलगा पिल्लाला छातीशी धरून हसत होता, मी काढला होता तसाच. खिडकीशी नेऊन, पान तिरकं धरून मी बघितलं. काढून पुसल्याची खूणसुद्धा नव्हती. तिथे आत्याने पेन्सिल टेकवलीच नव्हती. तिला मनाई होती.