साखरखेर्ड्यात मनगटावर बांधलेले पाच रंग

मी विणलेला पर्सचा पट्टा आमच्या मंडळींनी पहिल्यांदा खांद्याला लावला आणि घामाने त्यातला राणी रंग पांढऱ्या साडीवर उतरला. "हा पट्टा हाय का होळी?" एवढं बोलून बाईंनी मुदत दिली. सोनाळ्याला भाचीचं लग्न आहे. तिथे लावता येईल असा पट्टा जमला तर ठीक, नाही तर हातमाग माळ्यावर.

हा माग म्हणजे जुन्या खिडकीची चौकट, तिला मारलेले खिळे आणि माझा मीच लावलेला विणकामाचा क्लास. दोन वर्षं बैठकीत ठाण मांडून आहे. त्याला माळ्यावर चढवणं माझ्या जिवावर आलं. मग साखरखेर्ड्याच्या हमीदाआपा आठवल्या. आमच्या खाटेची नवार त्यांच्या हातची, आणि नवार म्हणजे तरी काय, लांबलचक पट्टाच की!

बुलढाण्याहून सकाळची एसटी धरली. चिखलीला गाडी बदलावी लागते, तेव्हा स्टँडसमोर तर्री-पोहे खाऊन घ्या. ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे, पण आधारकार्ड ठेवा. कंडक्टर नुसत्या पांढऱ्या केसांवर विश्वास ठेवत नाही. लव्हाळा गावापासून पुढे रस्ता हाडं मोजतो, पण दोन्ही बाजूंना तूर अशी पिवळी फुललेली की तक्रार करायला तोंड उघडत नाही.

हमीदाआपा ओसरीत मागावरच बसल्या होत्या. पिशवीतले धागे ओतले तशा हसल्या. "भाऊ, दुकान लुटून आनलं का?"

लिंबू, हिरवा, निळा, केशरी आणि माझा लाडका राणी. आपांनी प्रत्येकाचा एकेक तुकडा तोडला. चार माझ्या उजव्या मनगटाला बांधले, राणी डाव्या.

"नवा रंग पयले मनगटाले, मंग मागाले. आता दिवसभर हात पान्यात घाला. ज्याचा डाग पडंल, तो मागावर चढनार नाही."

झाली का पंचाईत! मी उजवा हात मनसोक्त भिजवला. हौदावर तोंड धुतलं, तेही एकाच हाताने. दुपारी ज्वारीची भाकर, मेथीची भाजी आणि ठेचा असं जेवलो, डावा हात मात्र खिशात. ठेच्याने नाक वाहायला लागलं तरी खिशातच!

आपांनी चहा दिला आणि विचारलं, "भाऊ, डाव्या हाताले काय झालं? लकवा गिकवा?"

"नाही आपा, सवय हाय."

"मंग ह्या कपबश्या इसळा. दोन्ही हातांनी."

तिसऱ्या बशीला मनगटाभोवती गुलाबी बांगडी उमटली. उजवं मनगट मात्र कोरं होतं. माझं तोंड पाहून आपा म्हणाल्या, "रंग गोड हाय, पन पक्का नाही. आपल्या हाताले डाग पडला तं साबन हाय. दुसऱ्याच्या लुगड्याले पडला तं आपलं नाव गेलं."

मग त्यांनी निळ्याच्या शेजारी केशरी लावून वीतभर विणायला दिलं. राणीची आठवण आली नाही असं म्हणणार नाही, पण जोडी काय खुलली! जन्मभर पांढऱ्या नवारीला निळा काठ लावणाऱ्या आपा बराच वेळ बघत राहिल्या. "थोडा केशरी मले ठेवून जा," म्हणाल्या. मी धाग्याची अख्खी गुंडी दिली आणि परतीची गाडी पकडायला पळालो.

घरी चार दिवस खपून पट्टा विणला. लग्नाच्या सकाळी बाईंनी ओला रुमाल त्यावर खसाखसा घासला, उजेडात धरून पाहिला आणि पर्स खांद्याला अडकवली. सोनाळ्यात जेवणाच्या पंगतीत कोणी तरी विचारलं, "कुठून घेतला वं?" तर उत्तर, "घरचाच हाय." मी जिलबी जास्तीची घेतली.

माग बैठकीतच आहे. काल पाहतो तर बाई मनगटाला पोपटी धागा बांधून भांडी घासत बसलेल्या.

"हे काय करून राह्यली?"

"मोरपंखी साडीवर पोपटी पट्टा पाह्यजे मले. पाहून राह्यली, पक्का हाय का!"