कडवं ज्याचं त्याचं

तळेगावातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोन कोरियन शेजारणी कोबीच्या पानांना मीठ चोळत भांडत होत्या. मिन्जी पूर्वेकडच्या डोंगरातली, सुनही दक्षिणेच्या बेटावरची. लोकगीत एकच, पण खरं कुणाकडचं?

"हिच्याकडचं म्हणजे नुसतं रडगाणं," सुनही मोडक्या हिंदीत मला म्हणाली.

"आणि हिच्याकडचं म्हणजे नुसती वरात!" मिन्जी फणकारली.

अस्सल कोण, या प्रश्नाची मला चीड आहे. आईची अहिराणी अशुद्ध ठरवून इथल्या बायकांनी तिच्या नकला केल्या, तेव्हापासून ती चारचौघांत बोलतच नाही. तिच्या बोलीच्या मानासाठी मी पत्रकं वाटली, सोसायटीच्या सभेत ओरडले. आई गप्प ती गप्पच.

भांडता भांडता दोघी गायला लागल्या. कडवं आपापल्या मुलुखाचं, चालही वेगळी. खिंड ओलांडून गेलेल्या माणसाचं धृपद मात्र दोघींचं. त्यातल्या मुख्य शब्दाचा अर्थ मी विचारला, तर तो नेमका त्यांनाही ठाऊक नव्हता.

"त्यावाचून काय अडलंय?" म्हणत मिन्जी माझ्याशेजारी बसलेल्या आईकडे वळली. "आता तुम्ही."

मी आईच्या वतीने नाही म्हणणार, तेवढ्यात आईने माहेरच्या वाटेची अहिराणी ओवी धरली. ती संपताच दोघींनी धृपद उचललं. गाण्याला दाखला नको होता, पुढचं कडवं हवं होतं.

"कोण गातंय गं?" खालून कुणीतरी विचारलं.

आई कठड्यावरून वाकली आणि अहिराणीतच ओरडली, "मी शे! वर ये ना, माय!"