चौकटीच्या शर्टामागे

टेलरमास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. हा आजार नव्हता, धंद्याची सवय होती. गिऱ्हाईक दुकानात आलं की मास्तर त्याला आधी पाठमोरं उभं करायचे, मग बाजूने बघायचे, आणि समोर येईपर्यंत त्यांचं माप घेऊन झालेलं असायचं. मग तोंडाकडे बघायचं कारणच काय? एकदा सख्खा मेव्हणा दारात आला, तर मास्तरांनी त्याला "बोला, शर्ट की पँट?" असं विचारलं. तो रागाने वळून चालू लागला तेव्हा कुठे त्याची पाठ दिसली, आणि मास्तर "अरे थांब, थांब, तू होय!" करत गल्लीच्या टोकापर्यंत धावले.

दुकान रस्त्यापासून सहा पायऱ्या खाली होतं. खिडकी एकच, तीही छताला टेकलेली. तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसायचे. खिडकीसमोर इस्त्रीचं टेबल होतं आणि त्या टेबलाशी मास्तरांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणे, एकतीस वर्षं उभी होती. त्यामुळे काकूंची ओळख माणसांच्या पायांशी. "डॉक्टर चालले. आज घाईत दिसतात." "पोस्टमनने टाच बदलली बरं का." नवरा-बायकोची माहिती एकत्र केली, तर गावातला प्रत्येक माणूस मानेपर्यंत पूर्ण होत असे.

काकूंचा कशाबद्दल हट्ट नव्हता. एक सोडून. शहरात चव्वेचाळीस मजल्यांचा मनोरा आहे आणि त्याच्या माथ्यावर काचेची गच्ची आहे, हे त्यांनी कुठल्याशा कॅलेंडरवर पाहिलं होतं. "एकतीस वर्षं जग खालून बघितलं," त्या म्हणायच्या, "एकदा वरून बघायचंय. बास." मास्तर दर वर्षी "पुढच्या वर्षी" म्हणायचे आणि दर वर्षी शाळांचे गणवेश आडवे यायचे.

शेवटी लेकीने परस्पर एका दिवसाच्या सहलीची दोन तिकिटं काढून हातात ठेवली. सकाळी शहरात पोचायचं, गाईडबरोबर चौदा जणांच्या घोळक्याने हिंडायचं, शेवटी मनोरा, आणि साडेसातची परतीची गाडी. मनोऱ्याची तिकिटं गाईडच्या खिशात, आणि वर जाणारी शेवटची लिफ्ट पाचला.

"अहो, एवढ्या गर्दीत आपण चुकलो तर?" स्टेशनाबाहेर काकूंनी विचारलं.

"तू फक्त माझ्या मागे ये," मास्तर म्हणाले. "मी त्याची पाठ बघून ठेवलीय."

आणि खरोखरच ठेवली होती. गाईड म्हणजे एक हडकुळा, भरभर बोलणारा तरुण. अंगात तपकिरी चौकटीचा शर्ट. मास्तरांनी त्याचं नाव ऐकलं नाही, पण खांद्याखालचा आडवा जोड पाहिला आणि कळवळले. जोडाच्या वरच्या चौकटी एकीकडे, खालच्या एकीकडे. अर्धी चौकट डावीकडे सरकलेली.

"बघितलंस? कुठल्या गाढवाने शिवलाय हा!"

"तुम्हाला काय करायचंय?"

"अगं, खूण आहे ही. अशी चूक जगात दुसरा कुणी करणार नाही."

सकाळ बरी गेली. त्यांनी पूल पाहिला, कारंजं पाहिलं, संग्रहालय पाहिलं. संग्रहालयात एका राजाचा जरीचा अंगरखा काचेत उभा होता. सगळे पुढे गेले तरी मास्तर तिथेच.

"याच्या बाह्या उलट्या लावल्यात," ते पहारेकऱ्याला म्हणाले. "डावी उजवीकडे, उजवी डावीकडे."

"तीनशे वर्षं जुना आहे तो, आजोबा."

"मग तीनशे वर्षं राजाच्या काखेत काचत असणार! कुणी सांगितलं कसं नाही त्याला?"

काकूंनी त्यांना कोपराला धरून ओढून नेलं. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेतीन. आता फक्त मनोरा राहिला होता.

मनोऱ्याकडे मेट्रोने जायचं होतं. जिना उतरताना गाईडने हातातला छोटा झेंडा गुंडाळून पिशवीत घातला आणि ओरडून सांगितलं, "सगळ्यांनी माझ्यावर नजर ठेवा!" मास्तरांनी ठेवली. फलाटावर माणसांची नुसती भेळ झाली होती. गाडी आली, दारं उघडली, लोंढा आत घुसला, आणि मास्तरांना चार हातांवर तो तपकिरी जोड दिसला. अर्धी चौकट डावीकडे. ते निर्धास्त झाले.

दुसऱ्या स्टेशनावर जोड उतरला. मास्तर उतरले, काकू उतरल्या. जोड सरकत्या जिन्याने वर गेला, रस्त्यावर आला आणि एका बेकरीत शिरला. मास्तर बाहेर अदबीने उभे राहिले.

"अहो, बाकीचे बारा जण कुठेत?"

"पुढे गेले असतील. किंवा मागे असतील."

"आणि याने पाव कशाला घेतला?"

"भुकेला असेल बिचारा. सकाळपासून बोलतोय."

पुढे जोडाने एक दिव्याचा बल्ब घेतला. मास्तरांच्या मते हे शहराचा बाजार दाखवणं होतं. काकू मात्र खाली बघत चालल्या होत्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली होती.

"अहो, गाईडच्या पायात बूट होते. तपकिरी. पिवळ्या नाड्यांचे. टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली. याच्या पायात चपला आहेत."

"काढले असतील बूट. चावत असतील."

"कुठे काढले? खिशात घातले?"

"तू चपला बघत बस," मास्तर म्हणाले, "मी जोड बघतोय. जोड खोटं बोलत नाही."

जोड एका इमारतीत शिरला. तीन जिने चढला. त्याच्या मागे मास्तर, मास्तरांच्या मागे धापा टाकत काकू. तिसऱ्या मजल्यावर त्याने किल्ली काढून दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि मास्तरही त्याच्यापाठोपाठ आत गेले. शहरातलं राहतं घर दाखवायची कल्पना त्यांना आवडली होती.

"छान हवेशीर आहे," ते म्हणाले.

तो वळला. तो चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, मिशा असलेला गृहस्थ होता. बल्ब त्याच्या हातून पडता पडता राहिला.

"कोण तुम्ही?"

"चौदांतले दोघं."

"कुठले चौदा?"

आतून एक म्हातारा आवाज आला, "आला का रे नळवाला?"

"नळवाला नाही आई! कुणीतरी दोघं आलेत!"

"मग बसव त्यांना. नळवाला तरी कुठे येतोय!"

मास्तरांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याच्याभोवती अर्धी फेरी मारून पाठीकडे बघितलं. जोड तोच होता. तोंड मात्र, मास्तरांना जेवढं आठवत होतं तेवढ्यावरून, सकाळी बिनमिशांचं होतं.

काकूंनी मिशीवाल्याला सगळं सांगितलं. तो आधी चकित झाला, मग खो खो हसत सुटला. हसतच त्याने कपाट उघडलं. आत अगदी तसेच आणखी दोन शर्ट टांगलेले होते.

"रेडिमेड आहेत, मास्तर. कोपऱ्यावरच्या दुकानात ढिगाने मिळतात. अर्ध्या शहराच्या अंगात आहेत."

मास्तरांनी एकेक शर्ट उजेडात धरला. दोघांचाही जोड सरकलेला. अर्धी चौकट. डावीकडे. त्यांनी आयुष्यभर एकेक शर्ट बेतला होता. प्रत्येक चूक एकदाच होते आणि ती निस्तरावी लागते, हे त्यांना माहीत होतं. तीच चूक हजार वेळा, अगदी मोजून मापून करणारं कुणी असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते खुर्चीत बसले.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून अठरा मिनिटं झाली होती. काकूंनी ते पाहिलं आणि पदराने कपाळ पुसलं. त्या रागावल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं. एकतीस वर्षांत बाईने एक गोष्ट मागितली, आणि आपण तिला कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत आणून उभं केलं.

"चुकलो गं," ते हळूच म्हणाले.

"ते नंतर," काकू म्हणाल्या. "उठा. आता तुम्ही माझ्या मागे यायचं."

"पण रस्ता?"

"मी बघत आलेय. जिन्याची दुसरी पायरी फुटकी, मग जाळीचं झाकण, मग बेकरीसमोर सांडलेलं पीठ, मग लाल फरशी, तिथून स्टेशन."

मिशीवाल्याने सांगितलं, "त्याच फलाटावरून पुढची गाडी धरा. तीन स्टेशनं, आणि समोरच मनोरा."

"आणि दुसऱ्या कुणाच्या घरात शिरू नका," आतून आई म्हणाली.

काकू चपला घालेपर्यंत मास्तरांना मिशीवाल्याच्या कफाचं लोंबणारं बटण दिसलं. स्वतःच्या कॉलरमागे खोचलेली सुई निघालीच.

"अहो!"

"चार टाके फक्त! नाहीतर ते आजच पडेल!"

सुईत दोरा लाल होता. मिशीवाला हात पुढे करून निमूट उभा राहिला. बटण पक्कं झालं, मास्तरांच्या जिवाला जरा बरं वाटलं, आणि दोघं जिना उतरू लागली.

काकू रस्त्यावरून मान खाली घालून सुसाट निघाल्या. फुटकी पायरी, झाकण, पीठ, लाल फरशी. पीठ कुणीतरी झाडून टाकलं होतं, तिथे त्या एक क्षण घुटमळल्या, पण झाडूच्या रेघा बघून पुन्हा मार्गाला लागल्या. मास्तर मागून पळत होते. वाटेत त्यांना तपकिरी चौकटीचे पाच शर्ट दिसले. प्रत्येक वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले.

मनोऱ्याच्या तळमजल्यावर पोचले तेव्हा पाचला सहा मिनिटं होती. तिथलं दालन जत्रेसारखं भरलेलं. मास्तरांनी सवयीने एका चौकटीच्या पाठीवर हात ठेवला. ती एक बाई निघाली. "माफ करा, माफ करा," म्हणत ते मागे सरले तेव्हा काकू जवळजवळ ओणव्या झाल्या होत्या. बूट, बूट, सँडल, चपला, बूट.

"सापडला!"

पिवळ्या नाड्या. बाहेरून झिजलेली टाच. ते बूट लिफ्टच्या दाराशी अस्वस्थपणे इकडून तिकडे येरझारा घालत होते. काकूंनी जाऊन बुटांच्या मालकाचा हात धरला.

"आजी! कुठे होता तुम्ही? बारा जणांना वर पाठवून मी इथे घाम गाळतोय!"

"यांना एक घर बघायचं होतं," काकू म्हणाल्या, आणि तिघं शेवटच्या लिफ्टमध्ये शिरली.

वर नाणं टाकून बघायची दुर्बीण होती. काकू काचेशी गेल्या. मास्तर धास्तावून त्यांच्याकडे बघत होते. खाली नदी, रस्ते, गच्च्या, आणि मुंग्यांएवढी माणसं. काकूंनी नाणं टाकलं, डोळा लावला, आणि त्यांचे खांदे हलू लागले.

"काय गं? रडतेस का?"

काकू रडत नव्हत्या. त्यांचे खांदे हलत होते ते हसण्याने.

"अहो, अर्धं शहर टकलं आहे!"

"काय सांगतेस!"

"हा टकला. तोही टकला. याने पुढून विंचरून झाकलंय, पण वरून सगळं दिसतंय. अगंबाई, बसच्या रांगेतला तो ऐटबाज माणूससुद्धा!"

दुर्बीण बंद पडायला थोडा वेळ होता तेव्हा काकू बाजूला झाल्या. "या. तुम्हीपण बघा."

मास्तरांनी बघितलं. वरून माणसाचं डोकं आणि दोन खांदे, एवढंच दिसतं. त्यांना हे ठिकाण एकदम आवडून गेलं.

"ओळखीचं कुणी दिसतं का?" काकूंनी विचारलं.

"तपकिरी चौकटीचे चौदा दिसतात," मास्तर म्हणाले. "पण मी कुणाच्याही मागे जाणार नाही."

साडेसातची गाडी त्यांना मिळाली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, गणवेशांचा ढीग होताच. काकू इस्त्रीशी उभ्या राहिल्या. खिडकीतून पॉलिश केलेले काळे बूट टपटप करत गेले.

"टकला," काकू म्हणाल्या.

"छे! डॉक्टर आहेत ते. चांगले दाट केस आहेत."

"तुम्हाला तोंड तरी आठवतं का त्यांचं? वरून टकला. पैज."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली, सहा पायऱ्या चढून रस्त्यावर गेले आणि शेजारच्या ओट्यावर उभं राहून डॉक्टरांच्या डोक्याकडे वाकून वाकून बघू लागले.

"काय मास्तर, काही हवंय का?" डॉक्टर थांबले.

"काही नाही, काही नाही," मास्तर म्हणाले, आणि खाली वाकून खिडकीत तोंड घालून कुजबुजले, "जिंकलीस."