मे महिन्यातला हीटर

मला गाड्यांमधलं कळतं, असं माझं मत आहे. घरात या मताचा मी एकटाच आहे.

आमची गाडी जुनी. केतकी शाळेत असताना घेतलेली. आता केतकीचं लग्नाचं वय झालंय आणि गाडीचं निवृत्तीचं. इंजिन थंड राहावं म्हणून तिच्या तोंडाशी, जाळीमागे दोन पंखे आहेत. एक मुख्य, दुसरा त्याचा मदतनीस. ऐन मे महिन्यात या मदतनिसाने मान टाकली आणि एसी लावला की इंजिन तापायला लागलं. गॅरेजवाला म्हणाला, सोमवारी आणा. पण रविवारी आम्हाला डोंबिवलीहून माजिवड्याला, स्थळ म्हणून आलेल्या मुलाच्या घरी जायचं होतं. केतकीला मुलगा आवडलेला, पण हो म्हणायच्या आधी तिला त्याच्या घरची माणसं बघायची होती. सुनीता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, टॅक्सी करू. मी म्हणालो, घरची गाडी असताना होणाऱ्या व्याह्यांच्या दारात भाड्याच्या गाडीने उतरायचं? (हे वाक्य मला पुढे बऱ्याच जणांनी ऐकवलं.)

शनिवारी मी कल्याणला जुन्या पार्ट्सच्या दुकानात गेलो आणि एक पंखा घेऊन आलो. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं, जुना पंखा काढला, नवा बसवला. फक्त त्याचा प्लग आमच्या गाडीत बसेना. म्हणून मी दोन्हीकडचे प्लग कापले, वायरीला वायर जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. कुठली वायर कुठल्या वायरीला, हा प्रश्न मनात आलेला. पण घरातल्या टेबलफॅनचा प्लग कसाही खोचला तरी तो फिरतोच की, असं म्हणून मी तो निकालात काढला.

पंखा पहिल्या झटक्यात सुरू झाला. गाडीच्या पुढच्या जाळीतून असा झकास वारा यायला लागला, की वॉचमन खुर्ची उचलून गाडीसमोर येऊन बसला. वरच्या मजल्यावरचे एक काकाही पेपर घेऊन उतरले. मी सुनीताला मुद्दाम खाली बोलावलं. ती दोन मिनिटं वाऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "हवा बाहेर कशी येतेय? इंजिन तर आत आहे ना?"

मी तिला समजावलं, की पंख्याचं काम हवा देणं. ती कोणी घ्यायची हे पंखा ठरवत नाही. काकांनीही मान डोलावली.

रविवारी टिटवाळ्याहून माझा मोठा भाऊ आला. समारंभ म्हणून दादाने मिशीला ताजा काळाभोर रंग लावलेला. सुनीता सिल्कच्या साडीत, केतकी नव्या ड्रेसमध्ये, मी इस्त्रीच्या सदऱ्यात. एसी लावून निघालो. मोकळ्या रस्त्यावर सगळं छान चाललं आणि मी पंख्याचं कौतुक तीनदा करून घेतलं. ते कोणीच आपणहून करत नव्हतं.

खारेगावच्या पुढे ट्रॅफिक लागलं आणि तापमानाचा काटा वर चढायला लागला. एसी बंद केला, काचा उघडल्या, तरी काटा चढतोच आहे. माझ्या जोडणीत वायरी उलट्या पडल्या होत्या आणि पंखा उलटा फिरत होता, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. एक पंखा बाहेरची हवा आत ओढत होता, दुसरा आतली गरम हवा त्याच्या तोंडावर मारत होता. साहेब आणि मदतनीस यांचं असं वैर मी फक्त ऑफिसात पाहिलेलं.

आता एकच उपाय होता. गाडीचा हीटर पूर्ण लावला तर इंजिनातली उष्णता माणसांच्या अंगावर येते आणि इंजिन बचावतं. मी तसं सांगितलं.

"बाबा, मे महिना आहे," केतकी म्हणाली.

"इंजिन वाचेल," मी म्हणालो.

"आणि आपण?" दादाने विचारलं.

मी हीटर लावला. आमच्या पायांशी भट्टी पेटल्यासारखं झालं. काचेतून ट्रकचा धूर आणि धूळ येत होती, ती घामावर छान बसत होती. सुनीता सिल्कच्या पदराने वारा घेत माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्याचा चटका हीटरपेक्षा जास्त होता. दादाची मिशी आधी ओघळली, मग त्याने ती रुमालाने पुसली, मग त्याच रुमालाने कपाळ आणि गाल पुसले. त्याला हे सांगायची हिंमत कोणाला झाली नाही.

माजिवड्याला मुलाचे आईवडील स्वागताला खाली थांबले होते. गाडी वाफ सोडत आली आणि तिच्यातून आम्ही चौघं उतरलो. मुलाच्या आईने एकदा दादाकडे पाहिलं आणि मुलाला टॉवेल आणायला पिटाळलं. वडिलांनी विचारलं, "काय झालं?"

"पंखा," मी म्हणालो.

"बसवला कोणी?"

"मीच."

त्यांचा चेहरा उजळला. "मग जेवण झाल्यावर आपण दोघं बघू," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या पत्नीने सुनीताचा हात धरला आणि हळूच सांगितलं, की त्यांच्याकडचा मिक्सर दिवाळीपासून उघडा पडलाय.

जेवणानंतर इंजिन निवलं होतं. आम्ही दोघं खाली गेलो. व्याह्यांनी वायरी ओळखल्या, सुलट्या केल्या, पंखा सरळ फिरायला लागला. तिथेच थांबायचं, तर ते म्हणाले, "हा पाइपही बघून टाकू." जुना पाइप त्यांच्या हातात आला आणि इंजिनातलं सगळं काळपट पाणी त्यांच्या परीटघडीच्या झब्ब्यावर आणि आमच्या दोघांच्या तोंडांवर. आम्ही वर गेलो तेव्हा दादा आमच्यापेक्षा गोरा दिसत होता.

परत येताना टॅक्सी करावी लागली. गारव्यात जरा जीव आल्यावर मी केतकीला भीतभीत विचारलं, की या सगळ्यानंतर तिचं काय ठरलंय.

"तुम्ही दोघं खाली होतात ना, तेव्हा मी त्याला एकच विचारलं," ती म्हणाली. "घरात काही बिघडलं तर तू काय करतोस?"

"मग?"

"म्हणाला, बाबांना कळायच्या आत माणूस बोलावतो. मी लगेच हो म्हणून टाकलं."